स्थिर ग्राहक

(सुट्टीची दुपार. जेवणाच्या टेबलावर फोन उताणा ठेवलेला, आवाज मोठा केलेला. त्यातून प्रतीक्षेची धून पुन्हा पुन्हा वाजते आहे.)

सून: बाबा, ही धून आता मला झोपेतही ऐकू येणार. ठेवू का फोन?

सासरे: ठेवू नकोस. ‘आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं ती ध्वनिमुद्रित बाई थोड्या थोड्या वेळाने सांगते आहे. विधान केलं आहे, तर त्याची परीक्षा होऊ दे.

सून: तिची परीक्षा होईल तेव्हा होईल, माझी तर चालूच आहे. भांडी तशीच पडलीत. मी मघापासून काय सांगतेय, ते एकदा ऐका. माझ्या नावाने मासिकाची वर्गणी भरून टाका. मी नवीन वाचक. निम्म्या दरात काम होतं, वर ती लाकूड तासायची पटाशीही फुकट.

सासरे: पटाशी फुकट नाही. तिची किंमत माझ्यासारख्यांच्या वर्गणीतून वसूल केली जाते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. हे दोन कागद पाहिलेस ना? एकाच पाकिटातून आले. पहिला मला उद्देशून : ‘आमच्या जुन्या स्नेह्यास, आपली वर्गणी संपत आली आहे, पूर्ण दराने ती पुढे चालू ठेवावी.’ दुसरा हा रंगीत : ‘ज्यांनी आमचं लाकूडकामाचं मासिक आजवर कधीच वाचलं नाही, त्यांच्यासाठी निम्मा दर.’ ज्याने ते आजवर वाचलंच नाही, त्याच्या हाती मासिकाचं पाकीट पडणार कसं, हा प्रश्न छापण्याआधी कुणालाही पडलेला दिसत नाही.

सून: पडला असेल. माझ्या हाती पडलंय की पाकीट.

सासरे: तू लाकूडकामाचं मासिक वाचतेस?

सून: मी भांडी घासते. विषय बदलू नका.

सासरे: मग ‘नवीन वाचक’ या दोन शब्दांतला एक तरी खोटा ठरतो. अशा अर्जावर मी सही होऊ देणार नाही.

सून: अहो बाबा, सही माझी, नाव माझं, खोटं बोलल्याचं पापही माझं! आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक येतं आणि ‘मागच्या वेळी याहून जास्त सूट दिली होती’ अशी सरळ थाप ठोकून देतं. मालकालाही ठाऊक असतं, गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. दोघं हसतात, सूट मिळते, चहा येतो.

सासरे: आणि त्या वेळी तू काय करतेस?

सून: मी काचा पुसते.

सासरे: आमच्या प्रयोगशाळेत दुकानदारांची वजनं तपासायला यायची. दुकानदार म्हणायचे, ‘साहेब, कमी आहे, पण केसभरच.’ आम्ही तो केस मोजायचो. निवृत्त झालो म्हणून सवय जात नाही.

सून: निवृत्तीचं काय घेऊन बसलात, ही सवय लग्नाआधीपासूनची आहे. सासूबाई सांगायच्या. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलात, तर सगळ्यांदेखत म्हणालात म्हणे, ‘तुमच्या दाराची चौकट काटकोनात नाही.’

सासरे: नव्हतीच. तिच्या वडिलांनी मी गेल्यावर गुण्या लावून पाहिला. म्हणाले, मुलगा उद्धट आहे, पण मुलगी द्यायला हरकत नाही.

सून: आणि या मासिकाला त्या सवत म्हणायच्या.

सासरे: हे तुला कुणी सांगितलं?

सून: त्यांनीच. थोडाच काळ मिळाल्या मला, पण तेवढ्यात सगळ्या कागाळ्या सांगून झाल्या त्यांच्या. ‘गल्लीच्या तोंडाशी पोस्टमन दिसला की समजावं, सवत आली. आता दोन दिवस हा माणूस माझा नाही.’

सासरे: दोन नव्हे, तीन. पहिल्या दिवशी मी अंक वाचायचो, दुसऱ्या दिवशी आकृत्यांतली मापं पडताळायचो, तिसऱ्या दिवशी सापडलेल्या चुका संपादकांना कळवायचो. तेव्हा अंक पाकिटात येत नसे. सुरळी करून यायचा. भोवती तपकिरी कागदाची पट्टी, तिच्यावर हाताने लिहिलेला पत्ता. शाई हिरवी. त्या कचेरीत कोण लिहायचं कुणास ठाऊक, पण माझ्या आडनावातलं शेवटचं अक्षर त्या व्यक्तीने कधीही ओळीबाहेर जाऊ दिलं नाही. पट्टी फाडायची नाही, अलगद सरकवून काढायची, असा तुझ्या सासूचा दंडक होता.

सून: का?

सासरे: डब्यांना चिकटवायला. उलट्या बाजूला ‘साखर’, ‘मीठ’, ‘तांदूळ’ असं लिहायची आणि सरसाने चिकटवायची. सरस माझाच. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर आतल्या बाजूने माझा पूर्ण पत्ता होता.

सून: म्हणजे साखर कुठे हरवली असती, तरी पोस्टाने घरी परत आली असती.

सासरे: तू तिच्यासारखं बोलू लागली आहेस. ते चांगलं की वाईट, हे अजून ठरवलेलं नाही.

ग्राहकसेवा: नमस्कार, वर्गणी विभागात आपलं स्वागत आहे. सेवेच्या गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे. मी आपली काय मदत करू शकते?

सून: लागला! बोला, बाबा, बोला.

सासरे: नमस्कार. मी आपल्या मासिकाचा वर्गणीदार आहे. माझा मुलगा पाळण्यात होता तेव्हापासून. मुलाला आता टक्कल पडू लागलं आहे, त्यावरून कालावधीचा अंदाज यावा.

सून: बाबा! ते आतल्या खोलीत झोपलेत, ऐकतील.

ग्राहकसेवा: हो सर. आपला ग्राहक क्रमांक सांगता का?

सासरे: चार, शून्य, सात.

ग्राहकसेवा: आणि पुढे, सर?

सासरे: पुढे काही नाही. एवढाच आहे.

ग्राहकसेवा: सर, हा अपुरा वाटतोय. आमचे क्रमांक खूप मोठे असतात.

सासरे: आता असतील. तेव्हा आपल्याकडे एवढे वाचक नव्हते. आधी शून्यं भरून पाहा, जागा संपेपर्यंत.

ग्राहकसेवा: एक मिनिट हं, सर... अरेच्चा. आलं खातं. सर, एवढा लहान नंबर मी पहिल्यांदाच बघतेय. आपला पत्ता अलीकडे बदललाय, बरोबर?

सासरे: बरोबर. घर विकलं. मागच्या अंगणातली शेडही त्याच्याबरोबर गेली. आता मुलाकडे असतो. माझी मागणी थोडक्यात सांगतो. जो दर आपण नव्या वाचकाला देता, तोच मला द्यावा. त्याहून कमी नको. बक्षीस नको. जुना असल्याचा मान नको. फक्त जुना असल्याचा दंड नको.

ग्राहकसेवा: समजलं, सर. पण ती सवलत आपल्या खात्यावर दिसत नाहीये. आपलं खातं ‘स्थिर’मध्ये आहे.

सासरे: स्थिर म्हणजे?

ग्राहकसेवा: सिस्टीममध्ये तीन प्रकार असतात, सर. नवीन, स्थिर आणि डळमळीत. नवीन ग्राहकांना सवलत दिसते. डळमळीत ग्राहकांनाही दिसते. स्थिर ग्राहकांना नाही दिसत.

सासरे: कारण?

ग्राहकसेवा: कारण... ते स्थिर असतात, सर.

सून: घ्या. झाली तुमची परीक्षा.

सासरे: थांब. हे मला नीट समजून घेऊ दे. जो अजून आला नाही, त्याला आमिष. जो निघाला आहे, त्याची मनधरणी. आणि जो जागचा हलला नाही, त्याने या दोघांचा खर्च उचलायचा.

ग्राहकसेवा: सर, मी ठरवत नाही हो हे. माझ्या समोर जो पडदा येतो, तो मी वाचते.

सासरे: आपल्याला दोष देत नाही. पडद्यालाही देत नाही. ज्याने हे तीन रकाने आखले, त्याला एकदा भेटायला आवडेल, एवढंच.

ग्राहकसेवा: सर, एक सांगू का? आपल्याला सवलत मिळू शकते. तुम्ही फक्त ‘मला वर्गणी बंद करायची आहे’ असं म्हणा. एवढं वाक्य रेकॉर्डमध्ये आलं की मी खातं डळमळीतमध्ये टाकते आणि सवलत उघडते. मग तुम्ही म्हणायचं, ‘बरं, चालू ठेवा.’ झालं. सगळे असंच करतात.

सासरे: पण मला बंद करायची नाही.

ग्राहकसेवा: हो सर, नुसतं म्हणायचं.

सासरे: नुसतं म्हणणं म्हणजे काय?

सून: नुसतं म्हणणं म्हणजे नुसतं म्हणणं, बाबा! नाटकात म्हणतात तसं.

सासरे: नाटकाला आलेल्या माणसाला ठाऊक असतं की हे नाटक आहे. हे रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला ते ठाऊक नसेल.

ग्राहकसेवा: कुणी ऐकत नाही, सर.

सासरे: मग गुणवत्तेसाठी करता कशाला?

ग्राहकसेवा: ते मलाही नाही माहीत, सर.

सून: अहो ताई, मी म्हणते ना. ऐका. ‘आम्हाला वर्गणी बंद करायची आहे.’ आलं का?

ग्राहकसेवा: नाही, मॅडम. खातेदारांच्याच आवाजात लागतं.

सून: बाबा, माझ्यासाठी म्हणा. एक वाक्य! तुम्हाला कुणी कोर्टात उभं करणार आहे का? तुम्ही त्यांना फसवत नाही आहात, तेच तुम्हाला फसवायला सांगताहेत.

सासरे: हेच मला अवघड जातं आहे. तुला एक सांगतो. बाई, आपण थांबलात तरी चालेल, नाही थांबलात तरी चालेल. या मासिकाचा पहिला अंक मी पाळण्यासाठी विकत घेतला. बाळंतपण जवळ आलं होतं, मुखपृष्ठावर पाळण्याची आकृती होती. मी तोवर लाकडाला हात लावला नव्हता. शेजारच्या सुताराकडून करवत आणि रंधा मागून आणला. आकृतीत दिल्याप्रमाणे सगळं कापलं, सगळं जोडलं. पाळणा एका बाजूला कलायचा.

सून: तुमच्या हातून?

सासरे: मलाही प्रथम तसंच वाटलं. सगळं पुन्हा मोजलं. चूक त्यांच्या आकृतीत होती. खालच्या दोन वक्र पट्ट्यांची मापं एकमेकींशी जुळत नव्हती. पण मूल तोवर जन्माला आलं होतं आणि पाळण्यात जाऊन पडलं होतं. नेहमी घरंगळून डाव्या कुशीवर.

सून: म्हणजे हे अजून डाव्या कुशीवर झोपतात ते तुमच्यामुळे!

सासरे: एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये. तर मी चूक कळवली. पुढच्या अंकात शेवटच्या पानावर तळाशी शुद्धिपत्र आलं, मुंगीएवढ्या अक्षरात. ‘पाळण्याच्या आकृतीतील माप एका जागरूक वाचकाने पडताळून कळवले. आभारी आहोत.’ नाव नव्हतं. पण ‘पडताळून’ हा शब्द होता. तो अंक मी आठवडाभर सोबत घेऊन फिरलो. प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ते पान दाखवलं. तुझी सासू म्हणाली, ‘मुलगा झाल्याचं सांगत फिरला नाहीत एवढं हे सांगत फिरताय.’ मी त्याच दिवशी वर्गणी भरली.

ग्राहकसेवा: मग पाळण्याचं काय केलंत, सर?

सून: तुम्ही अजून आहात होय?

ग्राहकसेवा: हो मॅडम. तसाही पुढचा कॉल रागावलेलाच असतो.

सासरे: एका पट्टीखाली लाकडाची पातळ चकती ठोकली. अर्ध्या तासाचं काम. मग तो सरळ झुलायला लागला आणि मूल रडायला लागलं. त्याला कललेल्या पाळण्याची सवय झाली होती. चकती काढून टाकावी लागली.

सून: बघा! म्हणजे वाकडंही कधीकधी चालवून घेतलंत की. मग हे एक वाक्य वाकडं म्हणा.

सासरे: चकती काढली तेव्हा पाळणा सरळ आहे असं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सून: हात टेकले तुमच्यापुढे. बरं, मग भरा पूर्ण पैसे. भरा आणि मोकळे व्हा. एवढं काय त्यात?

सासरे: तेही करवत नाही. पूर्ण दर देणं जड नाही. मी जाणार नाही हे गृहीत धरून कुणीतरी माझ्याकडून तो घेतं आहे, ते जड आहे. आणि ते गृहीत मुळात बरोबर आहे का, असं आता या फोनवर बसल्या बसल्या मला वाटू लागलं आहे.

सून: म्हणजे काय?

सासरे: तुझा नवरा गेल्या महिन्यात म्हणाला, ‘बाबा, हे सगळं फोनवर फुकट दिसतं, आणि तसंही तुम्ही आता कुठे काही बनवता?’ पहिल्या भागाशी मी सहमत नाही. फोनवरची मापं कुणी पडताळत नाही. दुसऱ्या भागात मला दोष सापडला नाही. रंधा मारायला जागा नाही. हातोडीचा एक ठोका दिला तर खालचे लोक झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. अवजारं घराबरोबर दिली. अंक येतो, मी आकृत्या तपासतो, आणि मग? मोजण्याला अर्थ असतो तो नंतर कापायचं असतं म्हणून. नंतर काहीच कापायचं नसेल, तर ते माप नव्हे, नुसता आकडा आहे.

सून: असं नका बोलू, बाबा.

सासरे: बाई, आहात ना?

ग्राहकसेवा: आहे, सर.

सासरे: मला वर्गणी बंद करायची आहे.

ग्राहकसेवा: थँक यू, सर! बघा, किती सोपं होतं. आली. सवलत उघडली. आता म्हणा, ‘बरं, चालू ठेवा.’

सासरे: नाही. मी वाक्यं नुसती म्हणत नाही, हे आपल्याला मघाशी सांगितलं. मला वर्गणी बंद करायची आहे. कृपा करून बंद करून टाका.

ग्राहकसेवा: सर... खरंच?

सून: बाबा, हे काय चाललंय? थट्टा करताय ना?

सासरे: मी थट्टा करतो तेव्हा आधी सूचना देतो.

सून: असं कसं एकदम बंद! एवढ्या वर्षांचं काही तरी... नाही, ताई, थांबा, काही दाबू नका. बाबा, पूर्ण पैसे भरा, दुप्पट भरा, मी देते. पण बंद कशाला? आणि हे असं मध्येच? त्या खुर्चीचा दुसरा भाग यायचाय अजून!

सासरे: कुठल्या खुर्चीचा?

सून: कुठल्या म्हणजे... ती. वाकवलेल्या पाठीची. लाकूड वाफेवर ठेवून मऊ करायला सांगितलंय आणि नेमकं ते वाकवायचं कसं, तिथे ‘पुढील अंकी’ म्हणून सोडून दिलंय. महिना झाला ती खुर्ची डोक्यात वाफेवर बसलीय माझ्या.

सासरे: ते मागच्या अंकाच्या शेवटून दुसऱ्या पानावर आहे.

सून: हो.

सासरे: मुखपृष्ठावर त्याचा उल्लेखही नाही. अंक उघडून, वाचत त्या पानापर्यंत गेल्याशिवाय ते कळणं शक्य नाही.

सून: नाही शक्य.

सासरे: परवा ओट्याखालचा खण बसवायला सुतार आला होता. तू त्याला म्हणालीस, ‘एवढा घट्ट बसवू नका, दमट हवेत लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला नाही.’ तो तुझ्याकडे बघतच राहिला. मी मनाशी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात शिकली असेल.

सून: चष्म्याच्या दुकानात लाकूड कुठून आलं, बाबा?

सासरे: तेच. पुरावा समोर असताना मी सोयीचा निष्कर्ष काढला. हे केव्हापासून चालू आहे?

सून: तुम्ही इथे राहायला आलात तेव्हापासून. तुमच्या खोलीत जागा नव्हती म्हणून त्या अंकांच्या पेट्या आमच्या पलंगाखाली सरकवल्या ना? सासूबाई गेल्यानंतरचे ते दिवस. आपलं जेवताना बोलणं काय व्हायचं, आठवतं? ‘पंखा कमी कर.’ ‘वाढू का?’ ‘नको.’ मला वाटलं, एखादा विषय पाहिजे. तुम्हाला आवडेलसं काही तरी विचारावं. म्हणून एक अंक ओढून काढला. प्रश्न सापडलाही. मग वाटलं, एवढं साधं विचारलं, तर तुम्ही म्हणाल, ‘आधी मागचे अंक वाच.’

सासरे: म्हणालो असतो.

सून: म्हणून मागचे वाचायला घेतले. मग त्याच्या मागचे. दुपारी तुम्ही दोघं घोरत असता तेव्हा. प्रत्येक अंकात जुना प्रश्न सुटायचा आणि नवा पडायचा. विचारण्याइतकं डोकं कधी तयार झालंच नाही. आणि कडेला तुमची ती पेन्सिल! ‘असत्य.’ ‘मोजून पाहिले, जास्त भरते.’ ‘लेखकाने स्वतः करून पाहिले आहे काय?’ वाचताना तुम्ही मागे उभे आहात असं वाटायचं. सगळ्या पेट्यांत मिळून एकदाच ‘छान’ लिहिलंय.

सासरे: त्या डब्यापाशी. ज्याची बिजागरीही लाकडाचीच होती.

सून: हो! तो खरंच छान होता.

सासरे: होता.

सून: रागावलात? अंक जिथल्या तिथे ठेवलेत मी, वर्षवार. एकाचाही कोपरा दुमडलेला नाही.

सासरे: रागावलो नाही. हिशेब चुकला आहे, तो कुठे चुकला ते शोधतो आहे. जेवताना बोलायला विषय नाही म्हणून तू तिकडे वाचत होतीस, आणि ज्याच्याशी यातलं बोलावं असं घरात कुणी नाही म्हणून मी इकडे गप्प बसत होतो. मध्ये एक भिंत.

सून: आणि एक पलंग.

ग्राहकसेवा: सर? मॅडम? मी लाइनवर आहे. बंदचं बटण समोर आहे, काय करू? हा पडदा फार वेळ उघडा राहत नाही.

सासरे: बाई, मघाशी मी जे म्हणालो, ते म्हणताना खरं होतं.

ग्राहकसेवा: हो, सर. आवाजावरून कळलं.

सासरे: आता ते खरं राहिलेलं नाही. वर्गणी चालू ठेवायची आहे. हेही खरं आहे.

ग्राहकसेवा: मग सर, सवलत लागू होते. खातं डळमळीतमध्ये गेलेलंच आहे. लावू?

सून: लावा, लावा! बाबा, यात आता एक अक्षर खोटं नाही. तुम्ही खरोखर डळमळलात.

सासरे: डळमळलो. नोंद अचूक आहे. लावा.

ग्राहकसेवा: लावली, सर. नव्या ग्राहकाचाच दर बसलाय. आता एक कारण निवडावं लागेल, विचार का बदलला त्याचं. पर्याय आहेत : ‘दर कमी झाला’, ‘सेवा आवडली’, ‘इतर’.

सासरे: दर कमी झाला हे कारण असू शकत नाही. विचार आधी बदलला, दर नंतर कमी झाला. ‘इतर’.

ग्राहकसेवा: ‘इतर’मध्ये काय लिहू, सर?

सासरे: लिहा, ‘घरात आणखी एक वाचक आढळली.’

ग्राहकसेवा: आढळली. लिहिलं, सर.

सासरे: आणि जे डळमळले नाहीत त्यांच्या वतीने एक तक्रार लिहून घ्या. स्थिर असणं हा दोष नव्हे, एवढीच.

ग्राहकसेवा: लिहिते. कुणी वाचेल असं मात्र सांगत नाही.

सासरे: सांगितलं असतंत तर मी विश्वास ठेवला नसता. आपण लिहिलीत, पुष्कळ झालं.

ग्राहकसेवा: सर, या दराबरोबर ती पटाशीही येते. पाठवू का?

सासरे: नको. भेट म्हणून वाटतात त्या पटाशीच्या पोलादाला धार टिकत नाही.

सून: मला हवीय, बाबा.

सासरे: पाठवा.

ग्राहकसेवा: पाठवते. आणखी काही मदत हवी आहे का, सर?

सासरे: नाही. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. ठेवतो.

सून: दाबा ते लाल बटण. हां. गेला.

सासरे: भांडी राहिली आहेत तुझी.

सून: राहू देत. बाबा, आता विचारू का? तो पहिला प्रश्न. जो विचारायला म्हणून सगळं सुरू झालं.

सासरे: अजून सुटला नाही तो?

सून: सगळे अंक पालथे घातले, तरी नाही. सगळे लिहितात, ‘रंधा लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवावा, उलट चालवल्यास लाकूड उचकटते.’ बरं. पण कुठली दिशा सुलट, हे रंधा लावायच्या आधी कळायचं कसं?

सासरे: यावर कुणी सविस्तर लिहिलेलं नाही, कारण लिहून ते सांगता येत नाही. माझ्या खोलीतल्या कपाटामागे एक फळी आहे, ती घेऊन ये.

सून: ती रंधा न मारलेली? लांबुडकी?

सासरे: केर काढतेस, तेव्हा दिसली असणार.

सून: दिसली. म्हटलं, कपाट हलू नये म्हणून लावली असेल. ही घ्या. बाई गं, वजन बघा हिचं! घर विकताना सगळं देऊन टाकलंत ना? मग हिला का आणलंत?

सासरे: चांगलं लाकूड आहे, वाया जाऊ नये म्हणून.

सून: हे पूर्ण खरं आहे?

सासरे: अर्धं. टेबलावर आडवी ठेव. आधी कडेने बघ. या बारीक रेषा सरळ जात नाहीत, हळूहळू वर चढतात. त्या ज्या बाजूला चढत जातात, ती दिशा सुलट असते. साधारणपणे. पण डोळा फसतो, म्हणून हात लावायचा. तळवा नव्हे, बोटांची टोकं. दाबू नकोस. इथून तिकडे ने.

सून: काही कळत नाही.

सासरे: उत्तम. पहिल्याच वेळी ‘कळलं’ म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. आता तिकडून इकडे. मग पुन्हा तिकडे.

सून: थांबा... आता जाताना जरासं बोचतंय. मांजरीला उलटं कुरवाळल्यासारखं.

सासरे: कुठून कुठे जाताना?

सून: इथून तिकडे जाताना.

सासरे: मग आपण तिकडून इकडे येऊ.